हाळ, दगडी, एक नग

विभागीय कार्यालयाचं ते पत्र मी तीनदा वाचलं. पत्र इंग्रजीत होतं आणि त्यात सहा प्रश्न होते. हॉलचं छत पत्र्याचं आहे की स्लॅबचं? दारं किती, खिडक्या किती? वीजजोडणी कोणाच्या नावावर आहे? पुढचे प्रश्न वाचण्याआधी मी चष्मा काढून पुसला. पुसूनही प्रश्न तेच राहिले.

ज्या वस्तूबद्दल हे विचारलं होतं तिला छत नव्हतं आणि दारही नव्हतं. तो एक हाळ होता. गुरांना पाणी पाजायचा, अखंड काळ्या दगडातून कोरलेला, विहिरीच्या कडेला पडलेला हाळ. माणूस आत आडवा झाला तर पाय पसरून मावेल एवढा लांब. काठ इतक्या गुरांच्या गळ्यांनी घासलेले, की हात फिरवला तर दगड असल्याचं वाटत नाही.

मी सिव्हिल इंजिनियर आहे. नांदेड आणि लातूरच्या मधल्या पट्ट्यात सरकारी निधीतून महामार्गाचं रुंदीकरण चालू आहे, त्यावर देखरेख ठेवणाऱ्या टीमचा मी प्रमुख. रस्ता ठेकेदार बांधतो. आम्ही सरकारच्या वतीने प्रत्येक थर तपासतो आणि सही करतो. सकाळचा वेळ साइटवर जातो आणि दुपारनंतरचा पत्रांत. आमचे चाचा म्हणायचे, "साहेब, हा रस्ता डांबराचा नाही, पत्रांचा आहे. वरून नुसता डांबराचा हात फिरवलाय."

चाचा म्हणजे आमचे सर्व्हेअर. कंधारचे. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात जमीनमोजणीत होते आणि ती सवय रक्तात उतरली होती असं ते सांगायचे. पंधरा वर्षं वेगवेगळ्या रस्त्यांवर आम्ही बरोबर काम केलं. वयाने ते माझ्यापेक्षा मोठे, म्हणून मी त्यांना चाचा म्हणायचो. माझं बघून सगळी टीम म्हणायला लागली आणि मग रस्त्याकडेची गावंही. त्यांचं फील्ड बुक हा एक वेगळाच दस्तऐवज असायचा. आकडे इंग्रजीत, शेरे मराठीत, आणि एखादी गोष्ट विसरायचीच नसेल तर तिच्याखाली उर्दूत एक शब्द. तो शब्द आमच्यापैकी कुणाला वाचता यायचा नाही आणि आम्ही कधी विचारलंही नाही.

रुंदीकरण सुरू होण्याआधी रस्त्याच्या नव्या हद्दीत काय काय येतं याची यादी करावी लागते. झाडं, विजेचे खांब, हातपंप, कुंपणाच्या भिंती, देवळांचे ओटे. चाचांनी ती यादी पायी चालून केली. ते हाळापाशी पोचले तेव्हा गावातली माणसं जमली होती. आमच्या गटाराची रेघ बरोबर हाळावरून जात होती. त्या दिवशी परत येताना जीपमध्ये चाचा मला म्हणाले, "साहेब, तो हाळ हलवायचा आहे. फोडायचा नाही. मी गाववाल्यांना जबान देऊन आलोय, तुमच्या भरवशावर."

मी फोनवर दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होतो. फोनवर हात ठेवून म्हणालो, "हो हो, बघू."

'बघू' हा आमच्या धंद्यातला सर्वांत फुकट शब्द. मी तो दिवसातून वीस वेळा वापरतो.

फील्ड बुकातली यादी आराखडा करणाऱ्यांच्या दूरच्या ऑफिसात गेली, तिथे कुणीतरी ती इंग्रजीत टाइप केली आणि ती मंजूर होऊन परत आली. दीडशे पानं होती. मी प्रत्येक पानावर सही केली. त्यातल्या एका पानावर, त्या गावाच्या चेनेजसमोर, म्हणजे रस्त्यावरच्या अंतराच्या आकड्यासमोर, लिहिलं होतं: हॉल, दगडी, एक नग. पाडणे.

मी ते वाचलं नाही. वाचण्याचा नाद असलेला माणूस आहे मी. टेबलावर जुना शब्दकोश असतो, कामाच्या गडबडीतही एखादा शब्द अडला तर उघडून बघतो. ते पान मात्र मी वाचलं नाही.

चाचा जानेवारीत गेले. घरी, सकाळी, हातात चहाचा कप असताना. दफनाला आम्ही सगळे गेलो. परत आल्यावर त्यांच्या खुर्चीवर कुणीतरी रस्त्याचे नकाशे ठेवले आणि ते तिथेच राहिले. मीही उचलायला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांनी मी त्या गावावरून जात होतो. हाळाशेजारच्या विहिरीचे मालक, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते रोज मोटर लावून हाळ भरतात. विहीर त्यांची असली तरी हाळ गावाचा. धनगरांची मेंढरं, वाटसरूंचे बैल, कुणाचीही गुरं तिथे पितात आणि आबांनी कधी कुणाला अडवलेलं नाही. मला बघून त्यांनी हात केला.

"सायब, चाचा न्हाई आले?"

मी सांगितलं. आबा विहिरीच्या कठड्यावर बसले. मग त्यांनी मोटर बंद केली. हाळ अर्धाच भरला होता.

"मानूस सोन्यावानी व्हता," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "मंग आमच्या हाळाचं?"

ऑफिसात येऊन मी ती यादी काढली आणि तेव्हा ते पान पहिल्यांदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी परत गेलो, कारण फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. आबांबरोबर पारावरची तीनचार माणसंही आली.

"कागदात हाय का न्हाई आमचा हाळ?"

"आहे, आबा. पण हॉल म्हणून आहे."

"म्हंजी?"

"म्हणजे मोठी खोली. लग्नाचा असतो तसा हॉल."

आबांनी मान हलवली. "मंग बरंच हाय की. आमची धाकली म्हैस लग्नाचीच हाय. तुमी अक्षता घिऊन या."

"आन् सायब, ताट-वाटी सरकारची का आमची?" मागून एकजण म्हणाला. सगळे हसले. मलाही हसू आलं. आबा हसले नव्हते.

"चाचानं जबान दिलती, सायब," ते म्हणाले. "म्या लोकान्ला सांगितलंय, हाळ फुटनार न्हाई."

मी विभागीय कार्यालयाला पत्र लिहिलं. यादीत जे हॉल म्हणून आलं आहे तो गुरांना पाणी पाजण्याचा हाळ आहे, टाइप करताना चूक झाली आहे, तो पाडण्याऐवजी हद्दीबाहेर हलवण्यास मान्यता द्यावी. इंग्रजीत जेवढं सोपं लिहिता येतं तेवढं सोपं लिहिलं, फोटो जोडला. फोटोत दोन बैल पाणी पीत होते.

तीन आठवड्यांनी ते सहा प्रश्नांचं पत्र आलं. सुरुवातीला खुलासा होता: मंजूर यादीत गुरांच्या हाळाची नोंद नाही. हाळ ही नवीन बाब असल्यास चेंज ऑफ स्कोपचा, म्हणजे कामाच्या व्याप्तीतील बदलाचा, स्वतंत्र प्रस्ताव सादर करावा. हॉलची नोंद मात्र आहे, म्हणून हॉलची माहिती द्यावी. छत, दारं, खिडक्या, वीज. पाचवा प्रश्न हॉलच्या मालकीचा होता. सहावा असा: नोंदीत तफावत असल्याचे आपले म्हणणे असल्यास ती कोणामुळे झाली याची जबाबदारी निश्चित करून नावासह कळवावे.

मी पुन्हा लिहिलं की हॉल अस्तित्वातच नाही. उत्तर आलं की अस्तित्वात नसलेला हॉल यादीत कसा आला याचा खुलासा सहाव्या प्रश्नाखाली अपेक्षित आहे.

माझा उपप्रमुख भोकरचा आहे. शेतकऱ्याचा मुलगा, हाळ म्हणजे काय हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. कामाला चोख आहे. त्या दिवसांत त्याच्याकडे अशी अकरा पत्रं पडलेली होती आणि प्रत्येकाला उत्तर देऊन तो कंटाळला होता. तो माझ्या केबिनच्या दारात उभा राहून म्हणाला, "सर, लिहून टाका ना, सर्व्हेअरकडून चूक झाली. प्रकरण मिटेल. चाचांना आता काय फरक पडतोय?"

त्याने ते वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. तो दारातच उभा राहिला, मग त्याची नजर नकाशे ठेवलेल्या खुर्चीकडे गेली.

"सॉरी, सर," तो म्हणाला.

"त्यांचं फील्ड बुक कुठे आहे?"

कपाटात चाचांची सगळी फील्ड बुकं ओळीने लावलेली होती. शेवटचं नव्हतं. शेरे पक्के करायला ते घरी घेऊन गेले असणार.

रविवारी मी कंधारला गेलो. दफनानंतर एकदाही गेलो नव्हतो. यायला हवं होतं, रस्त्याचं काम होतं, असं काहीतरी मी दारातच बोलायला लागलो. चाचांच्या बायकोने मला थांबवलं आणि बसायला सांगितलं. त्यांची मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ती चहा घेऊन आली आणि समोर बसली. कशाला आलो हे मी सांगितलं. सहावा प्रश्न मी सांगणार नव्हतो, पण तिने पत्र मागितलं आणि शिक्षिका वाचते तसं शेवटपर्यंत वाचलं.

"अब्बांकडून चूक झाली का, साहेब?"

"बघूया," मी म्हणालो आणि माझीच मला लाज वाटली.

तिने आतून फील्ड बुक आणलं. पिवळ्या पुठ्ठ्याचं, कोपरे गोल झालेलं, रबर बँड लावलेलं. पान सापडायला वेळ लागला नाही. चाचांचं अक्षर बारीक आणि सरळ होतं, रेघ नसली तरी रेघेवर चालणारं.

'हाळ, दगडी (अखंड), १ नग. विहिरीच्या पूर्वेस. वापरात. फोडू नये, हलवावा.'

काना स्पष्ट होता. ळ तर इतका स्पष्ट होता की टाइप करणाऱ्याला तो कुठल्याही उजेडात दिसला असता. पण त्या माणसाला हाळ हा शब्दच ठाऊक नसणार आणि हॉल ठाऊक होता. 'फोडू नये, हलवावा' हे त्याने वाचलंच नसावं. हॉल दगडी असला तर त्याचं काय करतात हे त्याला माहीत होतं.

शेऱ्याखाली उर्दूत एक शब्द होता. मी बुक मुलीकडे फिरवलं.

"हे काय आहे?"

तिने वाचलं. "ज़बान," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "कुणाला दिली होती?"

"गावाला. माझ्या भरवशावर."

बुकाला परत रबर बँड लावून तिने माझ्या हातात दिलं. "न्या. पण परत आणून द्या, साहेब. त्यांच्या हातचं घरात एवढंच आहे. बाकी सगळं तुमच्या कपाटात."

मी पानाची प्रत जोडून तिसरं पत्र पाठवलं. सहाव्या प्रश्नाला लिहिलं की सर्व्हेअरची नोंद अचूक आहे, चूक टाइप करताना झाली, यादीच्या त्या पानावर तपासणारा म्हणून माझी सही आहे आणि जबाबदारी माझी आहे. त्यावर मला लेखी ताकीद मिळाली. ताकीद तीन ओळींची होती आणि तिच्यात हॉल हा शब्द दोनदा होता. नोंदीबद्दल मात्र कळवण्यात आलं की जोडलेला कागद प्रादेशिक भाषेत असल्यामुळे विचारात घेता येत नाही. अधिकृत भाषांतरकाराकडून प्रमाणित भाषांतर जोडावे.

ते कळवणारा अधिकारी मराठी होता. पत्राखालच्या सहीचं मराठी वळण मला चांगलं ओळखता येत होतं.

भाषांतर करून घेतलं. आलं तेव्हा शिक्क्यासकट, जाड कागदावर होतं. त्यात हाळाचा नांगर झाला होता. भाषांतरकाराने कुठल्यातरी कोशात 'हल' बघितला असणार. अखंड दगडाचा नांगर, एक नग. विहिरीच्या पूर्वेस. वापरात. 'हलवावा' याचं त्याने 'हादरवावा' केलं होतं.

मी एकटाच मोठ्याने हसलो. वाचून दाखवायला मान वर केली तर समोर नकाशांची खुर्ची होती. मग मी तो कागद पालथा ठेवला.

उपप्रमुखाने नंतर तो वाचला. "सर, आता आपल्याकडे दगडाचा नांगर आहे," तो म्हणाला. "पुढच्या पत्रात एचएएलचं विमान निघेल. पाठवू?"

"नको."

"मग काय करायचं?"

तोवर मी ठेकेदाराला विनवून दुसऱ्या टप्प्यातलं गटार आधी करायला लावलं होतं. मे महिन्यात तो टप्पा संपला आणि पोकलेन परत त्या गावाकडे आलं. ऊन असं होतं की हाळ दिवसातून तीनदा भरावा लागत होता. ठेकेदाराचा मॅनेजर हैदराबादकडचा तेलुगू माणूस. त्याच्याशी बोलणं फोनवरच व्हायचं आणि ते नेहमी एकच असायचं. "साब, लिस्ट में डिस्मेंटल लिखा है, मैं डिस्मेंटल करूँगा. आप लिख के देव, नको करो. मैं नहीं करूँगा."

लिहून द्यायला मंजुरी नव्हती. मंजुरीला भाषांतर हवं होतं. भाषांतरात नांगर होता.

शेवटी विभागीय कार्यालयाने संयुक्त पाहणी ठरवली. त्यांचा अधिकारी, ठेकेदाराचा मॅनेजर आणि मी. दुपारी तीनला, त्या गावी. पोकलेन आमच्यापासून हाकेच्या अंतरावर गटार खणत होतं आणि आबा हाळाच्या काठावर हात ठेवून उभे होते, कुणी गुराची दोरी धरून उभं राहावं तसे.

अधिकाऱ्याने गाडीतून उतरून फाइल उघडली आणि चारी बाजूंना बघितलं.

"हॉल कुठे आहे?"

"ह्यो काय," आबा म्हणाले. "तुमच्या गुडघ्यापाशी."

"हा नाही हो. हॉल, हॉल."

"हाळच की. म्या काय डोंगर म्हनून ऱ्हायलो का?"

अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी फोटो, फील्ड बुकाची प्रत, सगळं परत एकदा दाखवलं. मॅनेजर जरा लांब बाभळीखाली फोनवर बोलत होता. या जागी तो त्याआधी कधी आलाच नव्हता. फोन खिशात टाकून तो जवळ आला. हाळात एक म्हैस तोंड घालून पीत होती. त्याने म्हशीकडे बघितलं, वाकून हाळाच्या आत बघितलं आणि ओरडलाच.

"अरे साब, ये तो तोट्टी है!"

"काय?"

"तोट्टी, साब! जानवरां की तोट्टी. हमारे नानी के घर में भी है ना, ऐसीच, पत्थर की. चार महीने से आप लोगां हॉल-हॉल बोल रहे. मैं समझा झाड़ी के पीछे कोई टूटा हुआ कमरा होगा. पहले बोलना था ना, तोट्टी!"

आबा त्याच्याकडे बघत राहिले. "तोट्टी तर तोट्टी, बाबा," ते म्हणाले. "फोडू नको म्हंजी झालं."

"तोट्टी कौन फोड़ता, आबा?" मॅनेजर म्हणाला. त्याच्या आवाजात दुखावल्याचा सूर होता.

अधिकारी फाइल मिटून उभा होता. त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. "मला कळत नाही असं नाही," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "मीही खेड्यातलाच आहे, साहेब. आमच्याकडेही होता हाळ. पण कागदावर हॉल आहे. हॉल पाडता येतो, हलवता येत नाही. तुम्ही चेंज ऑफ स्कोप पाठवा, मी लावून धरतो."

"किती दिवस लागतील?"

त्याने पोकलेनकडे बघितलं. "तुम्हाला काय सांगायचं आता."

मी जीपमधून साइट इन्स्ट्रक्शनचं रजिस्टर काढलं. जागेवर तातडीची सूचना द्यायची असेल तर टीमप्रमुखाने त्यात लिहायचं, ठेकेदाराने सही करायची आणि काम करायचं, असा नियम आहे. पुढे ती सूचना नामंजूर झाली तर लिहिणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. हे रजिस्टर चार महिने माझ्याच जीपमध्ये होतं. आधी काढलं नाही. मी मंजुरीची वाट बघत होतो. पत्राला पत्र लिहीत राहिलं की आपण काहीतरी करतो आहोत असं वाटतं.

बोनेट तापलेलं होतं. खाली रुमाल टाकून मी लिहिलं. रजिस्टरच्या सगळ्या पानांवर इंग्रजी होतं, मी मराठीत लिहिलं. चाचांचे शब्द जसेच्या तसे: हाळ, दगडी (अखंड), १ नग. फोडू नये, हलवावा.

अधिकाऱ्याने डोकावून बघितलं. "मराठीत? चालेल का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "इंग्रजीत लिहून बघितलं, ते चाललं नाही."

मॅनेजरने पेन घेतलं. "मेरे को पढ़ना नहीं आता, साब. क्या लिखे?"

"तोट्टी."

त्याने सही केली. अधिकाऱ्याने घड्याळ बघितलं आणि पुढच्या पुलाची पाहणी राहिली आहे असं म्हणून तो गाडीत बसला. पाहणीच्या नोंदीत त्याने काय लिहिलं ते मला माहीत नाही. अडवलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हायड्रा क्रेन आली. हाळाच्या खालून पट्टे घालायला दोन तास लागले, उचलायला दहा मिनिटं. सगळं गाव जमलं होतं आणि प्रत्येकाला क्रेन चालवता येत होती. "डावीकडं घे!" "आरं, तुझ्या डावीकडं न्हाई, त्याच्या!" आबा फक्त "हळू, हळू" म्हणत क्रेनच्या बरोबरीने चालत होते. हाळ हवेत असताना त्याच्या पोटाखाली चिकटलेली माती ढेकळाढेकळांनी पडत होती. ती बाजू सूर्याने कधी बघितली नसेल.

नव्या जागी आम्ही खडी-सिमेंटचा पाया करून ठेवला होता. उपप्रमुखाने स्वतः लेव्हल मशीन लावलं. हे काम चाचांचं. त्याने चारही कोपऱ्यांचे आकडे घेतले आणि म्हणाला, "परफेक्ट, सर."

आबांनी दोन बादल्या पाणी ओतलं. पाणी सरळ विहिरीकडच्या टोकाला जाऊन थांबलं.

"तुमचं मशीन काय म्हनतंय?" आबांनी विचारलं.

उपप्रमुख परत आकडे घ्यायला गेला. तपासलं, पुसलं, परत घेतलं. आकडे बरोबर होते. मग त्याच्या लक्षात आलं, त्याने काठाची पातळी घेतली होती आणि काठ गुरांच्या गळ्यांनी एका बाजूला जास्त झिजलेला होता. मोजायला हवा होता तळ. त्याने कपाळावर हात मारला. "चाचांनी सगळ्यांत आधी आत हात घालून बघितलं असतं," तो म्हणाला. माझ्या केबिनच्या दारातल्या त्या दिवसानंतर चाचांचं नाव तो पहिल्यांदा घेत होता. हाळ परत उचलला, एका टोकाखाली पाचर दिली, आबांनी परत दोन बादल्या ओतल्या. पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं आणि हललं नाही.

महिन्याभराने पत्र आलं. विभागीय कार्यालयाने आमच्या सूचनेची नोंद घेतली होती. हॉल हलवण्यात आल्याचे कळले. पूर्णत्वाच्या दाखल्यासाठी स्थलांतरित हॉलचा फोटो जोडावा व त्याची आसनक्षमता कळवावी.

ते पत्र आणि फील्ड बुक घेऊन मी कंधारला गेलो. चाचांच्या मुलीने बुक उघडून ते पान बघितलं, मग मी तिला मोबाइलमधले फोटो दाखवले. तिच्या आईने चष्मा मागवून घेतला आणि एकेक फोटो मोठा करून बघितला. मुलीने पत्र वाचलं. आसनक्षमतेपाशी आली तेव्हा तिने ओढणी तोंडाला लावली. हसत होती की काय ते आधी मला कळलं नाही. मग तिने आईला ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि दोघी हसल्या.

"चूक नव्हती ना?" तिने निघताना विचारलं.

"अक्षर अन् अक्षर बरोबर होतं."

"मग या पत्राला काय उत्तर देणार?"

"अजून ठरवलं नाही."

"अब्बा असते तर मोजून आले असते," ती म्हणाली.

परत येताना मी त्या गावाशी जीप थांबवली. संध्याकाळची वेळ होती, गुरं परतत होती. आबांनी नुकताच हाळ भरला होता. मी विहिरीच्या कठड्यावर बसलो आणि मोजलं. समोरच्या बाजूला तीन बैल, टोकाला एक म्हैस, अलीकडे दोन गायी. एका वासराने म्हशीच्या पोटाखालून तोंड घातलं.

"काय मोजून ऱ्हायलात, सायब?" आबांनी विचारलं.

"माणसं किती बसतात ते विचारलंय सरकारनं."

आबांनी हाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लिवा की," ते म्हणाले. "सहा. आन् वासरू धरलं तर सात."

मी तेच लिहून पाठवलं.